मुलगी पूल खेळते, पुढे काय? : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात कॅरमविषयी लिहिताना पूल या खेळाचा मी एका ओळीत उल्लेख केला होता. पूल म्हणजे टेबलावर ‘क्यू’ नावाच्या काठीने पांढरा बॉल मारून इतर बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये, म्हणजे भोकांत, घालण्याचा खेळ. त्या एका ओळीवर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून इतकी पत्रे आली, की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच खेळासाठी राखून ठेवला आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, आहे आणि टिळकवाडीत आत्याकडे राहून शिकते. कॉलेज सुटल्यावर मैत्रिणींबरोबर ती एका पार्लरमध्ये पूल खेळू लागली आणि आता ‘मला हाच खेळ व्यवसाय म्हणून खेळायचा आहे’ असे म्हणते. तिचे वडील म्हणतात की तो जुगाराचा अड्डा आहे, तिथे मुलीचे काय काम? गल्लीतल्या लोकांना उत्तरे देता देता तिची आत्याही कंटाळली आहे. बाईमाणसाचे पूल खेळून पोट भरते का, हेच आम्हाला कळत नाही.
— एक आई, खानापूर

उत्तर : आपल्या पत्रात दोन काळज्या एकमेकींत मिसळल्या आहेत, एक पोटापाण्याची आणि दुसरी पार्लरची. पोटापाण्याचे आधी सांगते.

बायकांनी पूल खेळून आयुष्य उभे केल्याची उदाहरणे पन्नास वर्षांहून जुनी आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील जीन बालुकस घरच्याच पूल हॉलमध्ये खेळायला शिकली, नऊ वर्षांची असताना १९६९ मध्ये अमेरिकन ओपन स्पर्धेत पाचवी आली आणि १९७२ ते १९७८ अशी सलग सात वर्षे तिने ती स्पर्धा जिंकली. १९७६ मध्ये अमेरिकेतील महिला खेळाडूंनी स्वतःची संघटना उभी केली आणि पुढे नव्वदच्या दशकात त्यांचे सामने दूरचित्रवाणीवर नियमित दिसू लागले. इंग्लंडची ॲलिसन फिशर तेव्हा स्नूकरची, म्हणजे पूलसारख्याच पण मोठ्या टेबलावरच्या खेळाची, सात वेळा विश्वविजेती होती, आणि पहिले विजेतेपद तिने १९८५ मध्ये, सतरा वर्षांची असताना मिळवले होते. तरीही १९९५ मध्ये तिने देश सोडून अमेरिका गाठली, कारण महिला स्नूकरमध्ये मान असला तरी मिळकत नव्हती आणि महिला पूलमध्ये स्पर्धांची बांधलेली साखळी होती. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, ती नाइन-बॉलची, म्हणजे नऊ बॉलच्या पूलची, विश्वविजेती झाली आणि ते विजेतेपद तिने एकूण चार वेळा मिळवले. आशियातही अशी नावे आहेत. चीनची पान शियाओतिंग २००७ मध्ये विश्वविजेती झाली, आणि फिलिपिन्सच्या रुबिलेन अमितने २००९ आणि २०१३ मध्ये टेन-बॉलचे, तर २०२४ मध्ये नाइन-बॉलचे जागतिक विजेतेपद मिळवले.

हे वाचून मुलगी हुरळून जाईल, म्हणून भारतातील स्थितीही तिच्यासमोर तितक्याच स्पष्टपणे ठेवावी असे मला वाटते. आपल्याकडे केवळ महिलांच्या पूल स्पर्धांच्या बक्षिसांवर वर्षभराचे घर चालत नाही. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. आशियाई क्रीडा स्पर्धांत १९९८ ते २०१० या काळात क्यूचे खेळ होते, २०१० मध्ये ग्वांगझू येथे महिलांचे एट-बॉल आणि नाइन-बॉल सामनेही झाले, परंतु २०१४ पासून ते वगळले गेले आणि त्याबरोबर सरकारी मदतीचा ओघही आटला. त्यामुळे आपल्या देशातील बहुतेक खेळाडू स्त्रिया पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स यांपैकी किमान दोन खेळ खेळतात, आणि त्याच्या जोडीला नोकरी किंवा प्रशिक्षण यांचा आधार घेतात. केंद्र सरकारच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी जी मान्य खेळांची यादी असते, तिच्यात ‘बिलियर्ड्स आणि स्नूकर’ हे नाव आहे. म्हणूनच माझा आग्रह असा, की मुलीने पूलबरोबर स्नूकरचे टेबलही आजपासूनच धरावे. बंगळूरच्या विद्या पिल्लई यांनी २०१७ मध्ये सिंगापूर येथे महिला स्नूकरच्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि तो सामना त्या ६-५ असा शेवटच्या फ्रेममध्ये, म्हणजे शेवटच्या डावात, हरल्या. आपल्याच राज्यातील चित्रा मगिमैराज यांचे नाव बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल या तिन्ही खेळांत घेतले जाते. आपल्या मुलीने अमेरिकेच्या आधी या दोघींचा प्रवास पाहावा.

आता पार्लरविषयी. मुलीच्या वडिलांची शंका मी खोटी ठरवणार नाही. मी स्वतः लहानपणी वडिलांचे बोट धरून कॅम्पातील एका क्लबात जात असे. तिथे बिलियर्ड्सच्या खोलीत बायका-मुलींना प्रवेश नव्हता आणि मी दाराच्या काचेतून टेबलावरचा हिरवा कपडा पाहत उभी राहत असे. पुढे पार्लरे निघाली. दार उघडे झाले, पण आत विडी-सिगारेटचा धूर, मोठ्याने शिव्या आणि पैजा असे वातावरण अनेक ठिकाणी होते आणि काही ठिकाणी ते आजही आहे. मात्र सगळी पार्लरे सारखी नसतात, जशा सगळ्या तालमी सारख्या नसतात. वडिलांनी एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास मुलीबरोबर त्या पार्लरमध्ये जाऊन तासभर शांत बसावे. मालक स्वतः हजर असतो का, तासाचा दर भिंतीवर लिहिलेला आहे का, मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आहे का आणि टेबलाशेजारी नोटा मोजल्या जात आहेत का, हे एका तासात दिसते. आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण बाहेरच्या माणसाला ती ठाऊक नसते. अनेक पार्लरांत ‘हरणाऱ्याने टेबलाचे पैसे भरायचे’ अशी रीत असते. ती निरुपद्रवी वाटते, पण पैजेची पहिली पायरी तीच असते. मुलीने सामना जिंकला काय आणि हरला काय, आपल्या वाट्याचे पैसे स्वतः भरावेत आणि ही सवय पहिल्या दिवसापासून पाळावी. पार्लरचा मालक समंजस असेल तर तो या गोष्टीचा आदरच करील.

खर्चाचा अंदाजही आधी बांधावा. रोज दोन तास आणि महिन्यातून पंचवीस दिवस धरले तर पन्नास तास होतात. त्याला त्या पार्लरच्या दराने गुणले की महिन्याचा आकडा मिळेल, आणि दुपारच्या रिकाम्या वेळात दर कमी करून मागितल्यास बहुतेक मालक देतात. त्यात स्पर्धांची प्रवेश फी, प्रवास आणि मुक्काम मिळवावा. महागडा क्यू पहिल्या वर्षी घेऊ नये. सरळ, हाताला बसणारा आणि टोकाला चांगली टिप बसवलेला साधा क्यू पुरतो. वाचलेल्या पैशांत टेबलाचे तास विकत घ्यावेत.

पीयूसीची दोन वर्षे आणि पुढची पदवी मात्र तिने सोडू नये. परीक्षेनंतर नोकरी मिळेल एवढ्यासाठी मी हे सांगत नाही. खेळाडूंच्या राखीव जागांसाठीही शैक्षणिक पात्रता लागतेच, आणि पदक हातात असूनही पदवी नसल्यामुळे मागे राहिलेले खेळाडू मी पाहिले आहेत.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. पार्लरमध्ये रोज दोन तास खेळते. माझे बॉल चांगले जातात, लांबचे पॉटही जमतात, तरी सामन्यात माझ्यापेक्षा साध्या खेळणाऱ्या मुलांकडून मी हरते. शिवाय दोन तासांनंतर पाठ भरून येते. सरावात मी काय बदलू?
— एक विद्यार्थिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुझे पत्र वाचून मला आनंद झाला, कारण आपले कुठे चुकते हे शोधण्याची वृत्ती त्यात दिसते. बॉल पॉट करणे, म्हणजे पॉकेटमध्ये घालणे, हे पूलमधील अर्धे काम आहे. उरलेले अर्धे काम म्हणजे तो बॉल गेल्यावर पांढरा बॉल कुठे थांबतो हे ठरवणे. तू ज्यांना साधे खेळणारे म्हणतेस, ते बहुधा सोपे बॉल खेळतात, कारण मागच्या फटक्यातच त्यांनी पुढचा बॉल सोपा करून ठेवलेला असतो. लांबचा अवघड पॉट वारंवार खेळावा लागणे ही पोझिशन, म्हणजे पांढऱ्या बॉलची जागा, चुकल्याची खूण आहे.

नाइन-बॉलमध्ये हे फार स्पष्ट दिसते. टेबलावर १ ते ९ क्रमांकांचे बॉल असतात, दर वेळी सर्वांत लहान क्रमांकाच्या बॉलला आधी स्पर्श व्हावा लागतो आणि ९ क्रमांकाचा बॉल नियमाप्रमाणे पॉकेटमध्ये घालणारी खेळाडू रॅक, म्हणजे तो डाव, जिंकते. म्हणजे पुढचा बॉल कोणता हे आधीच ठरलेले असते. प्रश्न एवढाच, की पांढरा बॉल त्याच्याकडे कोणत्या बाजूने जाईल. त्यासाठी दोन गोष्टी हाताला मुरल्या पाहिजेत. पांढरा बॉल न गरगरता, म्हणजे पुढची किंवा मागची फिरकी नसताना, दुसऱ्या बॉलवर तिरका आदळला, तर तो त्या बॉलच्या मार्गाशी काटकोन करून निघतो. तोच पांढरा बॉल नैसर्गिकपणे लोळत येऊन आदळला, तर पाव ते पाऊण बॉल झाकला जाईल अशा बहुतेक फटक्यांत तो आपल्या मूळ दिशेपासून साधारण ३० अंशांनी वळतो. या दोन रेषा तुला टेबलावर आखल्यासारख्या दिसू लागल्या, की निम्मे अंदाज आपोआप सुटतील.

सरावाची सुरुवात स्टॉप शॉटने कर. पांढरा बॉल आणि दुसरा बॉल पॉकेटच्या सरळ रेषेत ठेव, आधी एक फूट अंतरावर, मग दोन, मग चार, आणि पांढरा बॉल आदळल्या जागीच थांबला पाहिजे अशा रीतीने मार. हा फटका कंटाळवाणा आहे. तरीही पहिली पंधरा मिनिटे दररोज यालाच दे, कारण बॉलच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर टिप लागते हे दुसऱ्या कोणत्याही फटक्याने इतक्या लवकर कळत नाही. त्यानंतर तीन बॉल टेबलावर कसेही टाक, पांढरा बॉल हवा तिथे ठेव आणि ठरवलेल्या क्रमाने तिन्ही साफ कर. दहापैकी आठ वेळा जमले की चार बॉल घे. चार जमले की पाच. दिवसाच्या शेवटी ‘घोस्ट’शी, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी, खेळ. ब्रेक कर, म्हणजे रचलेले बॉल पहिल्या फटक्याने फोड, पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथे ठेव आणि सगळे बॉल साफ कर. एक जरी चुकला तरी तो रॅक घोस्टने जिंकला असे धर. आधी सात रॅक कोण जिंकते अशी शर्यत लाव आणि निकाल वहीत तारखेसह लिही. महिन्याभरात ती वही तुला माझ्यापेक्षा अधिक सांगेल.

ब्रेकबाबत मुलींना सांगितले जाते की हातात जोर नाही म्हणून त्या मागे पडतात. जोराचा फायदा होतो हे खरे आहे, पण समोरचा बॉल पूर्ण आणि नेमका लागला नाही तर तो जोर वाया जातो. पांढरा बॉल टेबलाच्या मध्यभागी थांबवता आला, तर ब्रेकनंतर पहिला बॉल दिसण्याची शक्यता वाढते. आधी नेमकेपणा साध, जोर नंतर वाढव.

आता टेबलाविषयी. पार्लरमध्ये बहुधा सात किंवा आठ फुटी टेबल असते, तर मोठ्या स्पर्धा नऊ फुटी टेबलावर होतात, ज्याचा खेळण्याचा भाग २५४ बाय १२७ सेंटिमीटर असतो. लहान टेबलावर तयार झालेला हात मोठ्या टेबलावर गोंधळतो. बेळगावात नऊ फुटी टेबल मिळाले नाही तर आठवड्यातून दोन दिवस बारा फुटी स्नूकर टेबलावर जा. तिथे बॉल ५२.५ मिलिमीटरचे, म्हणजे पूलच्या ५७.१५ मिलिमीटर बॉलपेक्षा लहान असतात आणि पॉकेटचे तोंड चूक माफ करत नाही. ॲलिसन फिशरला पूलमध्ये जो नेमकेपणा लाभला, तो तिने स्नूकरच्या टेबलावरच कमावला होता. मात्र दोन्हींसाठी एकच क्यू वापरू नकोस. स्नूकरच्या क्यूची टिप नऊ-दहा मिलिमीटरची, तर पूलची साधारण बारा-तेरा मिलिमीटरची असते, आणि दोन्हींवर फिरकीचा अंदाज वेगळा येतो.

आपल्या भागातील पावसाळ्याचा हिशेबही ठेव. जून ते सप्टेंबर बेळगावच्या हवेत जी ओल असते ती टेबलावरच्या कपड्यात उतरते, बॉल जड पळतो आणि कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या कडेवरून, नेहमीपेक्षा वेगळा परततो. बंगळूरला वातानुकूलित हॉलमध्ये तोच फटका तुझ्या अंदाजापेक्षा हातभर पुढे जाईल. म्हणून स्पर्धेच्या ठिकाणी एक दिवस आधी पोहोचून फक्त वेगाचा अंदाज घ्यावा. क्यूही या दिवसांत भिंतीला टेकवून ठेवू नकोस, लाकूड वाकते.

पाठीकडे दुर्लक्ष करू नकोस. अमेरिकेच्या जेनेट ली हिच्या पाठीचा कणा वाकलेला असल्याचे तेराव्या वर्षी निदान झाले. शस्त्रक्रिया करून कण्यात धातूच्या सळ्या बसवाव्या लागल्या. तरी नव्वदच्या दशकात ती जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि २००१ मध्ये जपानमधील अकिता येथे झालेल्या जागतिक खेळांत तिने सुवर्णपदक मिळवले. तिने सोसले म्हणून तूही सोसावेस, असे मी मुळीच म्हणणार नाही. दुखणे दोन आठवड्यांत थांबले नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव. तोपर्यंत वीस-पंचवीस मिनिटांनी टेबल सोडून चाल, वाकताना कमरेतून वाक, पाठीला पोक काढू नकोस, आणि पोटाचे व पाठीचे व्यायाम रोज कर. पूल खेळणाऱ्याला व्यायाम लागत नाही, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे.

प्रश्न : आमचे घर बेळगाव तालुक्यात आहे आणि मुलीचे आजोळ चंदगडला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. मुलगी चौदा वर्षांची आहे आणि चांगली खेळते. तिने महाराष्ट्राकडून खेळावे असे तिच्या आजोबांना मनापासून वाटते. आजोळचा पत्ता दाखवून तसे करता येईल का?
— एक वडील, उचगाव परिसर

उत्तर : आजोबांची भावना मी समजू शकते. आपल्या भागातील कोणत्याही मराठी घरात ती समजण्यासारखी आहे. तरीही मुलीच्या खेळासाठी मी आपणास स्पष्ट सांगते, की जिथे ती राहते आणि शिकते तिथल्याच राज्य संघटनेत तिची नोंदणी करावी. या खेळांचा राष्ट्रीय कारभार बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन ऑफ इंडिया पाहते आणि तिच्याशी राज्य संघटना जोडलेल्या आहेत. आपल्याकडे ती कर्नाटक स्टेट बिलियर्ड्स असोसिएशन आहे, तर चंदगड ज्या राज्यात येते तिथे बिलियर्ड्स अँड स्नूकर असोसिएशन ऑफ महाराष्ट्र. राज्य निवड स्पर्धेतून राज्याच्या संघात आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेत, असा हा मार्ग आहे. आजोळच्या पत्त्यावर नोंदणी केली आणि पुढे शाळेच्या दाखल्यावरून कुणी हरकत घेतली, तर मुलीने जिंकलेले सामने वादात सापडतील. एवढ्या लहान वयात तिच्या नावामागे असा वाद लावू नये.

शिवाय या खेळात कर्नाटकाची परंपरा फार मोठी आहे. पंकज अडवाणी यांचा जन्म १९८५ मध्ये पुण्यात झाला, पण ते घडले बंगळूरमध्ये. दोन्ही राज्यांच्या मुली भारतासाठी एकत्र खेळल्या आहेत, हेही आजोबांना सांगावे. २०१३ मध्ये आयर्लंडमधील कार्लो येथे भारताच्या महिला संघाने स्नूकरचे जागतिक सांघिक विजेतेपद मिळवले, तेव्हा त्या संघात बंगळूरच्या विद्या पिल्लई आणि पुण्याच्या अरान्टा सांचिस या दोघी होत्या.

अडचण अंतराची आहे, आणि ती खरी आहे. बेळगावहून बंगळूर सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास. पुणे त्या मानाने जवळ. खुल्या स्पर्धा पुणे किंवा कोल्हापूरला असतील तर तिथे तिने जरूर खेळावे. त्याने राज्याच्या नोंदणीला बाध येत नाही ना, हे प्रवेशपत्रिका भरण्यापूर्वी संयोजकांना विचारून घ्यावे. मुलीला कन्नड नीट बोलता येईल असेही पाहावे. बंगळूरच्या शिबिरात प्रशिक्षकांशी आणि सोबतच्या मुलींशी मोकळेपणाने बोलता आले, तर ती तिथे परकी राहणार नाही.

प्रश्न : माझे वय एकतीस आहे, दोन मुले आहेत. मिस्टरांसोबत सहज म्हणून खेळले आणि आता मन दुसरीकडे लागत नाही. या वयात स्पर्धेचा विचार करणे वेडेपणाचे आहे का?
— एक गृहिणी, निपाणी

उत्तर : अजिबात नाही. कर्नाटकच्या आर. उमादेवी यांची हकिगत आपण मनात ठेवावी. त्या राज्य सरकारच्या फलोत्पादन खात्यात टंकलेखिका होत्या. बंगळूरच्या कब्बन पार्कमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्लबात त्या टेबल टेनिस खेळायला जात आणि तिथेच वयाच्या तिशीत त्यांनी प्रथम क्यू हातात घेतला. नोकरी आणि संसार सांभाळून त्या खेळत राहिल्या आणि २०१२ मध्ये महिला बिलियर्ड्सच्या विश्वविजेत्या झाल्या. वर उल्लेख केलेल्या रुबिलेन अमितने नाइन-बॉलचे जागतिक विजेतेपद मिळवले तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. या खेळात नजर, हात आणि निर्णय शाबूत असेपर्यंत माणूस स्पर्धेत राहू शकतो.

आपल्याला वयापेक्षा वेळ अधिक अडवेल. मुले शाळेत असतात त्या वेळी, म्हणजे सकाळी अकरा ते एक या वेळात, पार्लर रिकामे असते आणि दरही कमी मिळतो. आठवड्यातून चार दिवस दीड तास ठरवून घ्या आणि घरात तो वेळ दुकानाच्या किंवा नोकरीच्या वेळेइतकाच पक्का माना. पहिल्या वर्षी एकच स्पर्धा खेळा, जवळची. मिस्टरांना खेळ आवडतो हे आपले मोठे भाग्य आहे. स्पर्धेच्या दिवशी मुलांकडे पाहण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे आणि ते आधी ठरवून द्यावे.

प्रश्न : सलवार-कमीज घालून खेळले तर चालते का? घरून पँट-शर्टला परवानगी नाही.
— एक विद्यार्थिनी, चिकोडी

उत्तर : सरावाला खुशाल चालते, पण एक नियम लक्षात ठेव. कपड्याचा, ओढणीचा किंवा बांगडीचा बॉलला स्पर्श झाला तर तो फाउल धरला जातो, आणि नाइन-बॉलमध्ये फाउल झाला की समोरच्या खेळाडूला पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथे ठेवता येतो. एवढ्यावर रॅक जातो. म्हणून ओढणी घरून निघतानाच कमरेला घट्ट बांध किंवा खेळताना काढून ठेव, सैल बाह्या दुमडून पिन लाव आणि ज्या हाताचा ब्रिज, म्हणजे क्यूला टेकू, करतेस त्या हातातील बांगड्या व अंगठी उतरव. फटका मारताना एक पाय जमिनीवर टेकलेला असावा लागतो, हेही कपडा निवडताना ध्यानात असू दे. मोठ्या स्पर्धांत संयोजकांनी ठरवून दिलेला पोशाख असतो. तो सामन्यापुरता असतो, आणि ही गोष्ट घरी आईला आधी सांगितलीस तर पुढे वाद होणार नाही.

प्रश्न : माझे टिळकवाडीत लहान पार्लर आहे. दोन पूल टेबले आणि एक स्नूकर टेबल. मुली येत नाहीत. आल्याच तर आठवड्याभरात यायच्या थांबतात. मला मनापासून वाटते की त्यांनी खेळावे. मी काय करू?
— एक पार्लरचालक, बेळगाव

उत्तर : या वेळच्या सर्व पत्रांत मला आपले पत्र सर्वांत मोलाचे वाटले, कारण खानापूरच्या आईचा आणि शहापूरच्या मुलीचा प्रश्न अखेर आपल्या दारात येऊन थांबतो. जीन बालुकसला घरचाच पूल हॉल होता. उमादेवींना सरकारी क्लबाचे दार उघडे होते. आपल्या भागातील मुलीला यांपैकी काहीच नाही. तिच्याकडे आपले पार्लर आहे.

आत धूम्रपान पूर्ण बंद करा, एका कोपऱ्यापुरतेही ठेवू नका. रस्त्यावरून आत दिसेल अशी काच ठेवा, कारण आपली मुलगी कुठे उभी आहे हे बापाला बाहेरून दिसले की त्याची निम्मी काळजी जाते. ‘हरणाऱ्याने पैसे भरायचे’ ही रीत आपल्या टेबलांवरून काढून टाका आणि दराच्या फलकावर तसे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा. स्वच्छतागृहाला आतून कडी आणि दिवा असावा. ही गोष्ट लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण आठवड्यात खेळ सोडणाऱ्या मुलींपैकी अनेकींनी मला हेच कारण सांगितले आहे, आणि घरी मात्र त्यांनी ‘आवडले नाही’ असे सांगितले होते. मुली खेळत असताना टेबलाभोवती उभे राहून न मागता शिकवणाऱ्या मुलांना आपण स्वतः बाजूला करावे. हे काम त्या मुलींवर सोपवू नये.

याखेरीज दुपारी चार ते सहा या वेळात एक टेबल मुलींसाठी राखून ठेवावे, आठवड्यातून तीन दिवस पुरेत. वेळ ठरलेली असली की आई किंवा आत्या सोबत येऊ शकते, म्हणून त्यांच्यासाठी दोन खुर्च्याही ठेवा. पहिले दोन-तीन महिने त्या वेळात बहुधा कुणी येणार नाही आणि बाहेर थांबलेली मुले ‘टेबल रिकामेच आहे की’ असे म्हणून मागतील. उत्पन्न बुडते म्हणून ते एकदा दिलेत, की पुढच्या आठवड्यात चार वाजता दारात आलेली मुलगी टेबलावर चार मुले पाहून परत जाईल. जमल्यास या अंकाच्या वाचक मुलींसाठी आपली वेळ आम्हाला कळवावी. आम्ही ती पुढील अंकात छापू.